सौदा मोडायला गेलेले हिंमतराव

चारूचा फोन आला तेव्हा हिंमतराव पाटील शहाद्याच्या रजिस्ट्री ऑफिससमोरच्या बाकावर दोन रुसलेल्या भावांच्या मधोमध बसले होते. शेत विकायचं हे दोघांनाही मान्य होतं, पण बांधावरच्या आंब्यावरून ऐन वेळी बिनसलं होतं. घेणारा आत नंबर लावून बसलेला, दस्त टाईप झालेला, आणि हे दोघे दोन दिशांना तोंडं करून. हिंमतरावांनी फोन न घेताच खिशात टाकला, दोघांच्या हातात चहा दिला आणि घेणाऱ्याला बाहेर बोलावलं.

"भाऊ, आंबा तुन्हा. पन दरसाल पहिला पाड या दोन्ही भाऊस्ना घर धाडशी का?"

"धाडसू," तो म्हणाला. त्याला काय, आंबे खाऊन खाऊन किती खाणार?

तेवढ्यावर दोघे भाऊ उठले आणि अंगठे द्यायला आत गेले. हिंमतरावांची हीच तर ख्याती होती. म्हसावदपासून थेट तळोद्यापर्यंत प्लॉट, शेत, गाळा, काहीही असो, हिंमतरावांनी हातात घेतलेला सौदा मोडला असं कोणी ऐकलं नव्हतं. लोक म्हणायचे, हिंमतआबा मधे असले तर साप-मुंगूससुद्धा साठेखत करतील.

मग त्यांनी लेकीला उलटा फोन लावला.

चारुलता त्यांची एकुलती एक. कापडाच्या रंगाचं शिक्षण सुरतेला घेतलं, आणि नंदुरबारचे कापडाचे व्यापारी रिखबचंद शेठ यांच्या नातवाने, अंकितने, तिला चीनमधल्या खचाओ नावाच्या गावी नोकरी लावून दिली. गाव कसलं, कापडाचा समुद्रच तो. साऱ्या जगाचे व्यापारी तिथे ताग्यांवर तागे उलगडत बसलेले असतात. एक वर्षासाठी म्हणून गेलेली चारू तिथेच रमली होती. कंपनीच्या प्रयोगशाळेत रंग पक्का की कच्चा हे बघण्याचं काम करायची.

"आबा, मी आठे घर लई ऱ्हायनू," ती म्हणणार होती, पण घाईत तिच्या तोंडून "ऱ्हायनी" की "ऱ्हायनू" याचाच गोंधळ झाला आणि ती हसली. "बोली विसरत चालले बघा. घर घेतेय, आबा. जुनं आहे, तिसऱ्या मजल्यावर. परदेशी माणसाने वर्षभर इथे काम केलेलं असेल तर स्वतःला राहायला एक घर घेता येतं."

हिंमतराव बाकावर सरळ झाले. "जमीन कोणनी शे?"

"सरकारची. इथे शहरातली सगळी जमीन सरकारचीच असते."

"मंग तू काय लई ऱ्हायनी?"

"घर. आणि त्या जमिनीवर राहायचा सत्तर वर्षांचा हक्क. बिल्डिंग जुनी आहे, त्यातली चाळीसेक उरलीत."

"आनि मंग?"

"मुदत आपोआप वाढते, असं कायद्यात लिहिलंय. पैसे किती भरायचे ते मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही."

"हां," हिंमतराव म्हणाले. "म्हंजे कायदा शे, जीआर येवाना बाकी शे."

फोन ठेवून त्यांनी टपरीवर जमलेल्या मंडळींना जाहीर करून टाकलं की आख्खा चीन देश भोगवटादार वर्ग दोन आहे. रजिस्ट्रीसमोर बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. वर्ग दोन म्हणजे सरकारने दिलेली जमीन. कसायची, खायची, नातवंडांना ठेवायची, पण विकायची म्हटलं की कलेक्टरच्या दारात उभं राहायचं. एवढा मोठा देश आणि सातबाऱ्यावर एकच नाव, याचं टपरीवर सगळ्यांना फार नवल वाटलं.

हिंमतराव मात्र त्या दिवशी लवकर घरी गेले. लोणखेड्याच्या रस्त्याला नव्या ले-आऊटमध्ये त्यांनी चारूसाठी पूर्वमुखी कोपऱ्याचा प्लॉट धरून ठेवला होता. पुढे दार येईल तिथे गुलमोहर लावला होता, तो आता डोक्याएवढा झाला होता. पोरगी आज ना उद्या परत येईल, मग नंदुरबारला नोकरी बघेल किंवा सुरतेला, रेल्वे आहेच, असा त्यांचा हिशेब होता. भाड्याच्या खोलीतून माणूस केव्हाही परत येतो. स्वतःचं घर घेतलेला माणूस येत नाही. हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? जन्मभर त्यांनी लोकांना घरं घेऊन देऊन एका जागी बसवलं होतं.

"मी जाई येस," रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले. "व्यवहार तपासाले पाहिजे. परका मुलुख शे."

शीलाबाईंनी भाकरी त्यांच्या ताटात टाकली आणि विचारलं, "तपासाले जाई ऱ्हायनात, का मोडाले?"

हिंमतरावांना एकाएकी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना. तो त्यांच्या नाकावरच होता.

जानेवारीत ते निघाले. मुंबईहून हाँगकाँग, तिथून हांगचौ आणि पुढे मोटारीने खचाओ. चारू विमानतळावर घ्यायला आली होती. थंडी म्हणजे तोरणमाळची थंडी हिच्यापुढे लेकरू. गावात रस्त्यांइतकेच कालवे, कालव्यांवर दगडी पूल, पुलांच्या मागे चकचकीत इमारती. हिंमतरावांनी गाडीतूनच दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा बघायला सुरुवात केली. सवयच ती.

दुसऱ्या दिवशी दलाल भेटली. होय, बाई. लुओ तिचं नाव, विजेच्या स्कूटरवर यायची, काळा कोट, गळ्यात ओळखपत्र, आणि बोलायला लागली की लागली. चारूला चिनी येत होतं, पण लुओबाईंना काकांशी थेट बोलायचं होतं. त्यांनी आपला फोन पुढे धरला. त्यात बोललं की तो मराठीत बोलायचा, आणि मराठीही कसली, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखी.

"आदरणीय काका," फोन म्हणाला, "हे निवासस्थान सूर्यप्रकाशाने परिपूर्ण आहे."

"बाल्कनी कोठे शे?" हिंमतरावांनी विचारलं.

लुओबाईंनी डोळे मोठे केले. फोनने त्यांना सांगितलं होतं की काकांना शंभर बाल्कन्या हव्या आहेत. मग चारूने समजावलं की फोनला अहिराणी येत नाही, 'शे' म्हटलं की तो आकडा धरतो. तेव्हापासून हिंमतराव फोनशी कलेक्टरसमोर बोलावं तसं जपून, शुद्ध मराठीत बोलू लागले, आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरू लागले.

घर त्यांनी दलालाच्या नजरेने बघितलं, आणि त्याहून जास्त सौदा मोडायला आलेल्या बापाच्या नजरेने. इमारतीला लिफ्ट नव्हती. न्हाणीघराच्या भिंतीला ओल होती आणि लुओबाईंनी नेमका तिथेच पाठ टेकून उभं राहायचं ठरवलं होतं. हिंमतरावांना हसू आलं. म्हसावदचा ओलसर गाळा गिऱ्हाइकाला दाखवताना ते स्वतः असेच उभे राहत.

"आणखी एक कुटुंब या घरात रस घेत आहे," फोन म्हणाला.

"असंच आमच्याकडेही सांगतात," हिंमतराव शुद्ध मराठीत म्हणाले. लुओबाईंनी ते वाचलं आणि त्या खळखळून हसल्या. तिथून पुढे त्या दोघांचं जमलं. एकाच धंद्यातली माणसं ती.

पण हिंमतरावांनी हेका सोडला नव्हता. खिडकीतून पलीकडे उंच इमारतींचे सांगाडे दिसत होते, वर क्रेन उभी, पण हलत नव्हती. "ते काय शे?" त्यांनी चारूला विचारलं.

त्यांची नजर बघून उत्तर लुओबाईंनीच दिलं, आणि ते देताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच उतरला. बिल्डरने घरं बांधायच्या आधीच विकली. लोकांनी कर्जं काढली, हप्ते सुरू झाले. मग बिल्डर बुडाला आणि काम थांबलं. हप्ते मात्र थांबले नाहीत. त्यांनी बोट करून एक मजला दाखवला. त्यातलं एक घर त्यांचं स्वतःचं होतं. दुसऱ्यांना घरं दाखवत फिरायच्या आणि आपल्या घराला दार केव्हा लागेल ते त्यांना माहीत नव्हतं.

हिंमतरावांना वाईट वाटलं, पण मुद्दा सोडतील तर ते कसले? बाहेर पडल्यावर ते चारूला म्हणाले, "देखं ना? असा बाजार शे. भाव पडी ऱ्हायनात. थांब, अजून पडतीन."

"म्हणूनच जुनं घेतेय, आबा. जे उभं आहे ते. आणि भाव पडलेत म्हणून तर मला परवडतंय."

"जमीन सरकारनी."

"लोणखेड्याच्या प्लॉटला तरी अजून आतला रस्ता कुठे आहे?"

दोघं कालव्याच्या कडेने चालत होते. एक म्हातारा खाली पायऱ्यांवर बसून भाजी धूत होता. चारू पुलाच्या कठड्याला टेकून थांबली.

"आबा, खरं सांगा. तुम्ही घर देखाले उनात, का माले लई जावाले?"

आता तिची बोली बरोबर आली होती. हिंमतरावांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, पुन्हा ठेवला.

"प्लॉट पूर्वेचा शे," ते म्हणाले.

चारू हसली नाही. "इथे आल्यापासून तिसरी खोली आहे ही माझी. प्रत्येक वेळी मालकाने विकली की मी बोचकं उचललं. तुमचा आणि आईचा फोटो अजून कपाटात ठेवते. मला भिंतीत एक खिळा ठोकायचाय, आबा, कोणालाही न विचारता. यायचं असेल तेव्हा मी येईनच. पण हाकलली गेले म्हणून नाही यायचं मला."

हिंमतराव वळून पुढे चालू लागले. पण मुद्दा संपला म्हणून मन थोडंच वळतं? रात्रभर त्यांनी कूस बदलली आणि सकाळी ठरवलं की आपण काही बोलायचं नाही. जे होईल ते होईल.

करार करायचा दिवस उजाडला. लुओबाईंच्या ऑफिसात सगळे जमले. घर विकणाऱ्या शेन आजी, सत्तरी ओलांडलेल्या, बुटक्या, जाड निळं जाकीट घातलेल्या, आणि त्यांना हांगचौला आपल्याकडे न्यायला आलेला त्यांचा मुलगा. विसार आधीच दिलेला होता. कागद टेबलावर पसरले, पेनं निघाली. आणि शेन आजींनी आपली पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि काहीतरी म्हणाल्या.

मुलाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"काय म्हने?" हिंमतरावांनी विचारलं.

चारूचा चेहरा उतरला होता. "विकायचं नाही म्हणतात."

मुलगा आईला समजावू लागला. लुओबाईंनी कायदा काढला. विसार घेऊन विकणारा फिरला तर दुप्पट परत करावा लागतो. आजी म्हणाल्या, करेन. मुलगा कपाळाला हात लावून बसला. लुओबाईंनी चारूला थोडा भाव वाढवायला सुचवून बघितलं. आजींनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

हिंमतराव खुर्चीत मागे टेकले. ज्यासाठी ते समुद्र ओलांडून आले होते ते आपोआप घडत होतं. बोट लावायची गरज नव्हती, फक्त बसून राहायचं. समोरच्या ग्लासातलं गरम पाणी त्यांनी हातात घेतलं. आत कुठेतरी मोठा सुस्कारा सुटला. गुलमोहर, पूर्वेचं ऊन, संध्याकाळी स्कूटीवरून येणारी चारू, सगळं डोळ्यांपुढून सरकून गेलं.

मग त्यांनी चारूकडे बघितलं. ती रडत नव्हती, भांडत नव्हती. टेबलावरचे आपले कागद एकावर एक ठेवून कडा सारख्या करत होती. पुन्हा पुन्हा. खोली सोडून जायची सवय झालेलं माणूस सामान आवरतं तसं.

हिंमतरावांनी ग्लास खाली ठेवला आणि घसा खाकरला.

"सगळ्यांनी जरा गप्प बसावं," ते फोनला म्हणाले. "आपण आजींच्या घरी जाऊ. मला चहा हवा आहे."

कोणाला काही कळलं नाही, पण पाहुणा, त्यात वयस्कर, चहा मागतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? सगळी वरात तिसऱ्या मजल्यावर गेली. आजींनी पाणी उकळत ठेवलं. हातात काम आलं तशी त्यांची मान जरा सैल झाली.

हिंमतरावांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. सही करताना म्हातारं माणूस अडतं ते भावावरून नाही. भावावरून अडायचं असतं तर ते आधीच अडतं. त्याला काहीतरी मागे राहिल्यासारखं वाटतं, आणि ते काय आहे हे कोणी विचारत नाही. त्यांनी घरभर नजर फिरवली. बाल्कनीत गेले. तिथे भिंतीला बांबूची मोठमोठी गोल सुपं टांगलेली होती, पुसून स्वच्छ ठेवलेली.

"हाई कसाले?" त्यांनी बोटाने दाखवून विचारलं.

आजी चहा घेऊन आल्या आणि बोलू लागल्या. त्यांची बोली इतकी गावठी होती की फोनने हात टेकले. मग लुओबाईंनी ते शुद्ध चिनीत सांगायचं आणि चारूने अहिराणीत, अशी साखळी लागली. एप्रिलमध्ये मोहरीचा पाला येतो. तो मीठ लावून मुरवायचा आणि या सुपांवर वाळवायचा, काळा आणि कुरकुरीत होईपर्यंत. वर्षभर पुरतो. या बाल्कनीला सकाळपासून दुपारपर्यंत ऊन असतं. मुलाचं घर सत्ताविसाव्या मजल्यावर, उत्तरेला तोंड, बाल्कनी काचेने बंद. तो म्हणतो, आई, दुकानात पाकिटं मिळतात.

"पाकीट!" आजी म्हणाल्या, आणि तो शब्द भाषांतराशिवाय सगळ्यांना कळला.

मुलगा खाली बघू लागला. आईने हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याने कधी विचारलंही नव्हतं.

"मन्हा घरनी बाई," हिंमतराव म्हणाले आणि चारू सांगत गेली, "उन्हाळ्यात कुरडया आपल्या गच्चीवर नाही घालत. आपली गच्ची आहे, चांगली मोठी आहे. पण ती पाट्या घेऊन शेजारच्या धनुबाईच्या गच्चीवर जाते. तिथे दिवसभर ऊन असतं, आणि धनुबाई असते."

शेन आजींनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

"घर माझ्या मुलीला द्या. पण बाल्कनी दरसाल एप्रिलमध्ये तुमची. पाला वाळेपर्यंत तुम्ही इथेच राहायचं. सुपं भिंतीवरच राहतील."

आजींनी काहीतरी विचारलं. लुओबाईंनी सांगितलं, चारूने ऐकलं आणि ती हसली. "म्हणतात, ही परदेशी पोरगी राहू देईल का?"

"देईन," चारू चिनीत म्हणाली. "पण मला करायला शिकवावं लागेल."

आजींनी चारूचा हात उचलला, उलटा केला, तळवा बघितला, रंगाने निळी पडलेली नखं बघितली. कामाचा हात आहे असं काहीतरी पुटपुटल्या. मग पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली.

लुओबाई ही अट करारात घालायला निघाल्या तेव्हा हिंमतरावांनी त्यांना थांबवलं. "बाकी सगळं लिहा. हे लिहू नका. लिहिलं की त्यावरून भांडण होतं." लुओबाईंनी ते फोनवर दोनदा वाचलं आणि मान हलवली. सही दुपारीच झाली.

नोंदणीच्या ऑफिसात हिंमतराव मुद्दाम बरोबर गेले. मोठा हॉल, नंबराचं यंत्र, कोणी ओरडत नाही, बाहेर स्टँपवाला नाही, टपरी नाही. काम भराभर झालं आणि चारूच्या हातात घराच्या मालकीची लाल पुस्तिका आली. हिंमतरावांना वाटलं, इतक्या महत्त्वाच्या कामाला चहाशिवाय कसली शोभा? त्यांनी लुओबाईंना बाजूला घेऊन हे बोलून दाखवलं. निरोप देताना लुओबाईंनी त्यांना आपलं कार्ड दिलं आणि फोन म्हणाला, "आदरणीय काका, आपण आमच्या शाखेत रुजू व्हावे."

परत आल्यावर टपरीवर दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. दुप्पट विसाराचा कायदा सर्वांना आवडला. लोणखेड्याचा प्लॉट विकणार का, असं एकाने विचारलं, तर हिंमतराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे. काय खाई ऱ्हायना का तो?"

घरी मात्र त्यांची खरी परीक्षा झाली. शीलाबाईंनी पहिल्याच दिवशी समोर बसवून घेतलं. हिंमतरावांनी चतुःसीमा सांगितल्या, मुदत सांगितली, बाजाराचा कल सांगितला. शीलाबाई ऐकत होत्या.

"ते ऱ्हाऊ द्या. चुल्हा कोनीकडे शे? पोर सैंपाक करताना तिन्हा तोंडवर उजेड येस का?"

हिंमतरावांनी डोळे मिटून घर आठवून बघितलं. ओल आठवली, जिना आठवला, लुओबाई कुठे टेकल्या होत्या तेही आठवलं. स्वयंपाकघर काही केल्या येईना.

"कांदा-लसून टांगाले जागा?"

"ध्यानमा नही."

"शेजारीन कशी शे?"

"देखी नही."

"मंग तुम्ही देखं काय तठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शीलाबाईंनी लग्नात नेसायची जांभळी साडी काढली, आधार कार्ड पर्समध्ये घातलं आणि त्यांना मोटारसायकल काढायला सांगितली.

"कोठे?"

"शहाद्याले. पासपोर्टना फोटो काढना शे."

हिंमतरावांनी निमूटपणे किक मारली.